सरांचा निळा रंग

आमच्या घराचं दार तीन रंगांचं होतं. खाली तांबडा रेडऑक्साइड, मध्ये हिरवा, वर पिवळा. पिवळा उजव्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबलेला, कारण तिथे डबा संपला होता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पनवेलच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांच्या होड्या रंगवायचे. त्यांची स्वतःचीही एक होडी होती, घर तिच्यावरच चालायचं. पण हंगाम सुरू होण्याआधी बंदरावर पाच-सात होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या असत आणि त्या सगळ्या दादांची वाट बघत. आधी खरवडणं. पत्र्याच्या तुकड्याने जुना रंग आणि शिंपल्यांचा थर खरवडतानाचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. मग फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा. लाकडी हातोड्याची ठकठक सकाळी सुरू झाली की आय भाकऱ्या थापायला घ्यायची, आणि ठकठक थांबली की समजायचं, दादा जेवायला येताहेत. जेवून गेले की रंग. उरलासुरला रंग घरी यायचा आणि दाराला, खिडकीला, पाण्याच्या पिंपाला, एकदा तर आयच्या बसायच्या पाटालाही लागला होता. त्या पाटावर बसून आयचं लुगडं हिरवं झालं, तेव्हा तिने दादांना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

दादांचा ब्रश चार बोटं रुंद होता. त्याचे केस झिजून एका बाजूला आखूड झाले होते, आणि त्या तिरक्या ब्रशवरच त्यांचा हात बसलेला होता. नवा ब्रश कुणी आणून दिला तर ते तो महिनाभर दुसऱ्यांना वापरायला द्यायचे. मला त्यांनी रंगवायला शिकवलं असं नाही म्हणता येणार. मी बाजूला बसायची आणि ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलायचे. "हात उचलायचा नाय. उचललास का डाग परतो. होरी कुठून कुठं जाते ता बघायचं, आनि हात तसा जाऊ द्यायचा." होडीला आमच्या घरात होरीच म्हणत. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ते एका दमात हात ओढत न्यायचे, चालत चालत, आणि शेवटी मनगटाला एक झटका द्यायचे. रंगाचा जाड पट्टा उमटायचा, त्यात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसायच्या. कुणी म्हणालं की रेघा दिसतात, जरा सारखं करा, तर दादा म्हणायचे, "पान्याला काय कललंय सारखं आनि बिनसारखं."

हे प्रकरण मी याआधी तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा फाडलं. प्रत्येक वेळी ते मवाळ होत गेलं होतं. माझी भाची ते वाचून म्हणाली, "आत्या, किती छान, किती समजूतदार!" तिथेच मला कळलं की काहीतरी चुकतंय. समजूतदार मी तेव्हा नव्हते आणि आताही नाही. साठी उलटून गेली, गुडघे गेले, पण तो राग जिथे होता तिथे आहे. त्यामुळे या वेळी त्यात पाणी घालणार नाही.

आय पनवेलच्या मासळीबाजारात बसायची. खाडीची कोळंबी, बोय, निवटे, कधी चिंबोऱ्या. निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते मोठ्या डोळ्यांचे मासे. आमच्याकडे त्यांचं आंबट कालवण पाहुण्यांनाच व्हायचं, इतकं ते मानाचं. मी नववीत होते त्या वर्षी खाडीच्या पाण्याला काहीतरी झालं. वरच्या अंगाला कारखाने आले होते, आणि काही दिवशी भरती उतरताना पाण्यावर तेलकट, जांभळट साय यायची. ती होडीच्या अंगाला चिकटायची आणि दादांनी लावलेल्या रंगावर राखाडी कड उमटायची. मग माशांना वास येऊ लागला, घासलेटचा वास. मासा ताजा, कल्ले लाल, डोळे चकचकीत, आणि चुलीवर ठेवला की घरभर घासलेट. बाजारात बायका टोपलीशी वाकायच्या आणि विचारायच्या, "खाडीचं का गं?" आय खोटं बोलत नसे. "खारीचंच हाय," म्हणायची, आणि त्या सरळ व्हायच्या, पदर सावरायच्या, पुढे जायच्या. शेजारची बाई सांगायची, "उरनचं, दर्याचं हाय म्हून सांग ना." आय नाही सांगायची.

एके दिवशी आय भरलेली टोपली घेऊन परत आली. एकही मासा गेला नव्हता.  तिने त्यातले निवटे साफ केले, चिंच घातली, लसूण दुप्पट ठेचून घातला आणि कालवण केलं. आम्ही चौघं जेवायला बसलो, दादा, आय, माझा लहान भाऊ आणि मी. भावाने पहिला घास तोंडात घेतला आणि तो तसाच धरून बसला. गिळेना, थुंकेना. दादांनी मान खाली घालून भाकरी कालवणात बुडवली आणि खाल्ली. दुसरी खाल्ली. आय त्यांच्या ताटाकडे बघत होती. "नका खाऊ," ती शेवटी म्हणाली. दादा म्हणाले, "तू केलंस ना." आणि ते खात राहिले. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. कारखान्यांचा आला हे सांगायला नको, पण खाणाऱ्या दादांचाही आला.

मी उठले. हात धुतला, शाळेसाठी आणलेला ड्रॉइंग पेपरचा मोठा ताव घेतला, दादांचा तिरका ब्रश आणि रेडऑक्साइडचा अर्धा डबा घेतला, आणि भर उन्हात बंदरावर गेले. ओहोटी होती. होड्या चिखलात बसल्या होत्या. मी ताव एका फळीवर दगडांनी दाबून ठेवला आणि रंगात घासलेट ओतून तो पातळ केला. पेन्सिल नेलीच नव्हती. आधी होड्यांना हात घातला. लाल, सगळ्या लाल, एका दमात ओढलेल्या, हात न उचलता. एकीची नाळ वर, एकीची चिखलात घुसलेली. मग होड्यांपाशी पडलेल्या डब्यांतून डांबराचा काळा घेतला आणि पाणी केलं. पाणी म्हणजे काय, आडवेतिडवे फटकारे, काही ठिकाणी कागद खरवडला गेला इतक्या जोरात. लाल आणि काळा एकमेकांत गेले तिथे यकृतासारखा एक रंग झाला, तो मी मुद्दाम पसरवला. आभाळाला हिरवा लावला, कारण पिवळ्याचा डबा नव्हता. खरं सांगायचं तर त्या दुपारी पाणी काळं नव्हतं आणि आभाळ हिरवं नव्हतं. चिखल करडा होता आणि आभाळ पांढरं. पण ते जेवण त्याच रंगाचं होतं, आणि मला तेच काढायचं होतं.

चित्र दोन दिवस पडवीत वाळत होतं. दादा येता-जाता बघायचे. दुसऱ्या दिवशी ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि बोट न लावता एका होडीकडे दाखवून म्हणाले, "ही माजी."

मी म्हटलं, "कशावरून?"

"बसलीय कशी बघ ना. उजव्या कुशीवर. दमलीय ती." मग म्हणाले, "बरोबर काडलंस."

दादांनी मला आयुष्यात बरोबर म्हटल्याचं मला एवढंच आठवतं.

त्याच सुमाराला शाळेत तालुक्यातल्या शाळांची चित्रकला स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, 'बंदरावरील होड्या'. चित्रकलेच्या सरांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांची मुलं अजून पनवेलमध्ये आहेत आणि त्यांचा यात दोष नाही. सर नीटनेटके होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, आणि फळ्यावर सुरई काढली तर दोन्ही बाजू अशा जुळायच्या की वर्ग श्वास रोखून बघायचा. मी माझं चित्र त्यांच्या टेबलावर पसरलं. त्यांनी आधी नाक आक्रसलं.

"शेवंती, याला घासलेटचा वास येतोय."

"रंगात घातलंय, सर."

"रचना छान आहे गं. होड्या छान बसवल्यास. पण पाणी असं असतं का? आभाळ हिरवं? आणि हे फटकारे कसले, भिंतीला चुना मारल्यासारखे? ठेव इथे. मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, बघतो म्हणजे बघतील.

बक्षीस समारंभ गावातल्या सभागृहात होता. माझ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळाल्याचा निरोप शाळेने घरी पाठवला, तेव्हा आयने हातातलं कोयतं खाली ठेवलं आणि वाड्यातल्या सात घरांत जाऊन सांगून आली. समारंभाला आय ठेवणीतली साडी नेसली, दादांनी इस्त्रीचा सदरा घातला. त्यांच्या नखांच्या कडांना रंग होता, तो घासलेटने काढून काढून बोटं लाल झाली होती. सभागृहाच्या भिंतींना पांढरे पडदे लावून त्यावर चित्रं टाचली होती. दादा मला म्हणाले, "दाखव, आपलं कंचं?" मी शोधलं. एक फेरी झाली, माझं चित्र सापडेना. मग कोपऱ्यात एका चित्राखाली माझं नाव दिसलं.

पाणी निळं होतं. स्वच्छ, सारखं, बाटलीतल्या शाईसारखं निळं. आभाळ त्याहून फिकं निळं, त्यात तीन पांढरे पक्षी. होड्यांना तपकिरी काठ काढून आत हलका बदामी रंग भरलेला, सगळ्या सरळ, तरंगणाऱ्या. एकीवर शीड होतं. आमच्या बंदरात शिडाची होडी मी कधी पाहिलीच नव्हती, सगळ्यांना इंजिनं होती. काठावर एक नारळाचं झाड. कुठेही ब्रशची एकसुद्धा रेघ दिसत नव्हती.

दादा पुढे झाले, मागे झाले. मग मला हळूच विचारलं, "माजी होरी कुठं हाय?"

 सर आमच्याकडे हसत येत होते. "काय, आवडलं ना? थोडं फिनिशिंग केलं मी. परीक्षकांना एकदम पसंत पडलं." आणि दादांकडे वळून म्हणाले, "हात आहे हं तुमच्या मुलीला. जरा वळण लावायला हवं." दादांनी हात जोडले. सर मनापासून बोलत होते. त्यांनी माझं वाईट केलं असं त्यांना मरेपर्यंत वाटलं नसणार, आणि मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच.

पाहुण्यांच्या टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता आणि घडी घातलेला टॉवेल. मी तो टॉवेल उचलला, जगात बुडवला आणि चित्राकडे गेले. भाषण सुरू होतं, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांनी पोस्टर कलर वापरला होता. तेलाच्या रंगावर पोस्टर कलर धरत नाही, हे चित्रकलेच्या शिक्षकाला माहीत असायला हवं होतं. पहिल्याच हाताला आभाळातले पक्षी गेले. दुसऱ्याला नारळ गेला. निळं पाणी ओघळून पांढऱ्या पडद्यावर आणि तिथून फरशीवर पडायला लागलं, आणि खालून माझा लाल वर आला. काळा आला. खरवडलेला कागद आला. मी दात खाऊन पुसत होते आणि तोंडाने काहीतरी बोलत होते. काय, ते मला आठवत नाही. आय नंतर म्हणाली की मी एकच शब्द म्हणत होते, "माझं, माझं, माझं." उजव्या कुशीवर बसलेली होडी निम्मी दिसायला लागली तेव्हा सरांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की टॉवेल गळून पडला. "बक्षिसाची लायकी नाही तुमची!" ते ओरडले. तुझी नाही म्हणाले, तुमची म्हणाले. मी ते नीट ऐकलं.

पुढच्या सोमवारी दादांना शाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत सर होते, मी होते, दादा होते. मुख्याध्यापक म्हणाले की पालकाची लेखी माफी हवी, नाहीतर मुलीचा दाखला घेऊन जा. दादांना लिहिता येत नव्हतं. "हिलाच लिवू द्या, साहेब, मी अंगठा देतो." मला कागद दिला. मुख्याध्यापक रजिस्टरात डोकं घालून बसले. मी लिहिलं, ते अजून शब्दशः आठवतं: 'माझ्या मुलीने स्वतःचे चित्र पुसले नाही. तिच्या चित्रावर सरांनी विचारल्याशिवाय आपले चित्र काढले होते, ते तिने पुसले. माफी सरांनी मागावी.' दादांनी शाईच्या गादीवर अंगठा टेकला आणि मी बोट दाखवलं तिथे कागदावर उठवला. नीट, न हलवता, हळूच उचलून.

मुख्याध्यापकांनी वाचलं. कागद सरांकडे सरकवला. सरांचे कान लाल झाले. मग मुख्याध्यापकांनी दादांना विचारलं, "यात लिहिलंय ते तुम्हाला मान्य आहे?"

दादांनी हात जोडले. "मान्य हाय, साहेब. सगलं मान्य हाय."

"मग घेऊन जा हिला घरी."

बाहेर पडल्यावर मला हसू येत होतं, आतून उकळ्या फुटत होत्या. बाजार मागे पडला, बंदराचा रस्ता लागला, तेव्हा दादा म्हणाले, "साहेब असं का बोलला? काय लिवलंस तू?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, एकेक शब्द.

दादा थांबले. रागावलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं होतं, आणि त्यांचा आवाज चढलाच नाही. "मी माफी मागाला आल्तो," ते म्हणाले. "माजं मी ठरवून आल्तो. तू माज्या नावावर तुजं लिवलंस." त्यांनी अंगठा वर करून स्वतःच बघितला, शाई अजून ओली होती. "अंगठा माजा व्हता, शेवंते."

आणि ते पुढे चालायला लागले. मी मागून ओरडले, "पण खरं लिहिलंय मी! खोटं काय आहे त्यात?" त्यांनी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच शाळेत गेले. दुपारी आले आणि म्हणाले, "उद्यापासून जा." म्हणजे माफी मागून आले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट पुढे करायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. पुढचा हंगाम उलटेपर्यंत. त्या हंगामात दादांनी होड्या रंगवल्या तेव्हा मी बंदरावर फिरकलेसुद्धा नाही. शाळेत सरांनी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला माझं नाव पाठवलं नाही, आणि माझं चित्र, जेवढं पुसलं होतं तेवढं, शाळेत कुठे गेलं ते मला कधीच कळलं नाही. मी ते नंतर पुन्हा काढायचा प्रयत्न केला, पाच-सहा वेळा तरी. रंग जमतात, हात जमत नाही. तो राग आता जुना झालाय, आणि जुन्या रागाने फटकारा बसत नाही.

मी पुढे शिकले आणि चित्रकला शिक्षिका झाले, एकतीस वर्षं. मुलांच्या कागदाला ब्रश लावायचा नाही हा माझा नियम होता, आणि तो मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. पण इथे लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते की एकदा लावला. तळोज्याहून येणारी एक मुलगी होती, तिने झाडाला निळी पानं काढली होती, वरिष्ठ तपासणीला येणार होते, आणि मी तिच्या हातातून ब्रश घेतला. दोनच पानं हिरवी केली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी ब्रश परत दिला, आणि पुढचा आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

दादा गेले तेव्हा मी चाळिशीत होते. दहाव्याला शाळेचे जुने शिपाई भेटायला आले, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "तुझे वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा आले होते बघ, तुझ्या त्या भानगडीनंतर. मी आत चहा द्यायला गेलो होतो, साहेबांना आणि सरांना. तेव्हा ऐकलं."

"माफी मागितली ना?" मी म्हटलं. इतक्या वर्षांनीही माझा आवाज कडवट झाला.

"मागितली. पण आधी म्हणाले, पोरीनं लिवलंय ता खरं हाय. कालच्याला मला म्हाईत नव्हतं, आज म्हाईत हाय, आनि खरं हाय. चित्र तिचं व्हतं. पन मला तिला शिकवायची हाय, आनि शाला तुमची हाय, म्हून माफी मी मागतो. असं म्हणाले. सरांनी मान वर केली नाही बघ."

मला बरं वाटायला हवं होतं. मामा त्यासाठीच आले होते, एवढ्या लांबून, म्हातारपणी. पण बरं वाटलं नाही. दादांनी हे मला सांगितलं नव्हतं. मी वर्षभर तोंड फिरवून ताट पुढे करत होते आणि ते गप्प जेवत होते. मला दादांचा राग आला, माझा आला, आणि मग तो वळून जिथे जायला हवा होता तिथे, मुख्याध्यापकांच्या त्या खोलीकडे गेला. मी मामांना एकच विचारलं.

"त्यांना बसायला सांगितलं का कुणी?"

मामांनी कप खाली ठेवला. जरा आठवून बघितलं.

"नाही गं," ते म्हणाले. "उभेच होते."